गावाकडच्या बाई

"ह्या डबीला पत्ता कशाला हो, सर?" केसपेपरच्या खिडकीत बसलेल्या अक्षतानं मान वळवून विचारलं.

नागसेन टेबलाखाली ओणवा झाला होता. मिरजेतल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेटवर्कचा नवा स्विच आला होता. खिडकी, तपासणी, औषधाचं दुकान, सगळ्यांच्या कॉम्प्युटरच्या वायरी त्याच्यातच येऊन मिळत होत्या.

"निरोप इकडचा तिकडे पोचवायला पत्ता नाही लागत. जन्मभर बिनपत्त्याचा राबेल तो. पण त्याला स्वतःला हाक मारायची, बरा आहेस का विचारायचं, तर आयपी पत्ता द्यावा लागतो. आणि एक पत्ता एकाचाच."

"म्हणजे बारसंच की."

तो हसला. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आवं बाई, हितं नागसेन कुटं बसतोय?"

बनाबाई. त्याची आई. शनिवारी दुपारी ये, गर्दी नसते, असं त्यानं बजावलं होतं. पण तासगावची बेदाण्याची शेड आज बंद, म्हणून ती सकाळच्याच एसटीनं आलेली. द्राक्षाच्या चिकानं काळवंडलेली बोटं, कमरेला पुरचुंडी, उजव्या डोळ्यात पांढरं आभाळ उतरलेलं.

"कोण हो ह्या?" अक्षतानं विचारलं.

"गावाकडच्या बाई आहेत. ओळखीच्या."

जय भीम म्हणायला छातीशी आलेले बनाबाईचे हात तिथंच थांबले. मग ती म्हणाली, "व्हय. गावचीच हाय मी. नमस्कार, बाई." नमस्कार हा शब्द तिच्या तोंडून त्यानं कधी ऐकला नव्हता.

"मग सरांच्या आईंना ओळखत असाल. साताऱ्याला शाळेत बाई होत्या ना त्या?"

कधीतरी डबा खाताना त्याच्या तोंडून गेलेलं. पुढं ते मागं घेता आलं नव्हतं. नागसेननं मान वर केली नाही.

"वळखते की," बनाबाई म्हणाली. "लय चांगली बाई," आणि बाकावर जाऊन बसली.

नागसेननं स्विचला पत्ता दिला. हाताला येईल तो आकडा दिला. लगेच अक्षता म्हणाली, "सर, माझा कॉम्प्युटर अडला. पाटी आलीय, हा पत्ता दुसऱ्या कुणीतरी घेतलाय म्हणून."

खिडकीचाच पत्ता त्यानं स्विचला देऊन टाकला होता. रांग थबकली. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले लालासाहेब फौजी म्हणाले, "का रं गड्या, मशीनला बी मोतीबिंदू झाला काय?"

रांग हसली. नागसेनचे कान तापले.

"दमानं घ्या की वो," बाकावरून बनाबाई म्हणाली. "पोरगं करतंय न्हवं."

त्यानं आकडा बदलला. नव्या पत्त्यावर हाक मारून पाहिली. स्विचनं लगेच ओ दिली.

रांग सरकत सरकत बनाबाईपाशी आली.

"सोबत कोण आलंय, आजी?"

"कुणी न्हाई. एकलीच हाय."

"घरचं माणूस नसलं तर ऑपरेशनची तारीख नाही देत डॉक्टर."

"मग ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या डोळ्यानं दिसतंय अजून."

नागसेन उठला. वायर हातात तशीच होती.

"अक्षता, माझी आई हाय ती."

हाय. दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर रोज ठेवून यायचा तो शब्द आपोआप आत आला होता.

अक्षताचा हात कळफलकावर थांबला. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्या काळ्या बोटांकडे. "आजी, खरंच?"

बनाबाईनं पदर सारखा केला. चांगला डोळा तिनं नागसेनकडे वळवला नाही.

"न्हाई वो बाई. जीव लावतंय पोरगं, म्हणून म्हणतंय. त्येंची आई मास्तरीण हाय, तुमीच म्हणला न्हवं?"

तिनं कमरेची पुरचुंडी सोडली, खिडकीच्या फळीवर ठेवली आणि हलकेच त्याच्याकडे सरकवली.

"सायेब, एवढं बेदाणं तुमच्या आईला पोचवा."

त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. अजून ऊन होती.