निषादावरचा थांबा

संगीताच्या खोलीत डिजिटल बोर्ड लागला त्या दिवशी लताबाईंनी पेढा घेतला खरा, पण तोंड कडुनिंब चघळल्यासारखं केलं. मुख्याध्यापक चंद्रप्पा सर मात्र जाम खूष. "बाई, आता घसा कोरडा करायची गरज न्हाई," ते म्हणाले. "ऑनलाइन सगळं हाय. व्हिडिओ लावायचा, पोरं बोर्डाकडं बघून गातील. तुम्ही हजेरी तेवढी घेऊन टाका."

हजेरी! बावीस वर्षं लातुरात पोरांना सरगम शिकवणाऱ्या बाईनं आता हजेरी घ्यायची! आधीच ह्या कोचिंगच्या गावात संगीताचा तास म्हणजे सावत्र पोर. कधी गणिताची टेस्ट तो खायची, कधी बायोलॉजीची. उरलासुरला होता, तो आता बोर्डाला गेला.

तेही एक वेळ चाललं असतं. पण सरांनी बटण दाबलं आणि बोर्डावर आली कोण? शिवकांता! नांदेडची शिवकांता, पैठणी नेसून, पुढ्यात माईक, मागं फुलांचा पडदा. 'घरबसल्या सूर' म्हणे तिचं चॅनल, आणि सव्वा लाख माणसं ते बघतात म्हणे. लताबाईंच्या पोटात जे दुखायला लागलं ते ओव्यानं थांबणारं नव्हतं.

तर ही शिवकांता कोण? भूकंपाच्या साली दोघी एकाच क्लासला होत्या, अनंतराव गुरुजींच्या. स्लॅबखाली बसायची तेव्हा कुणाची छाती नव्हती, म्हणून क्लास मैदानात ताडपत्रीखाली भरायचा. हादऱ्यानं भिंतीवरची फळी पडून गुरुजींच्या पेटीची एक पट्टी मुकी झालेली, नेमकी कोमल निषादाची. पेटी दुरुस्त करणारा त्या दिवसांत कुठून मिळायचा? आणि पुढं मिळाला तर गुरुजीच नको म्हणाले. "निषादाला पेटी गप्प बसते ना, मग आपणही क्षणभर गप्प बसायचं. सूर आधी कानात ऐकायचा, मग गळ्यातून काढायचा." त्या ताडपत्रीखाली शिकलेलं माणूस म्हणून निषादाआधी किंचित थांबतं. लताबाईंची स्वतःची पेटी धडधाकट आहे, तरी तिथं आल्या की त्यांचं बोट आपोआप उचललं जातं.

क्लासात लता पुढं बसायची, गुरुजींची लाडकी. शिवकांता मागं. औशाकडच्या खेड्यातलं घर पडलं म्हणून लातुरात मामाकडं आलेली, नांदेडला गेली ती पुढं. आवाज जाडाभरडा. लतानंच तिच्याकडून पलटे घोटून घेतले. आणि आज ती बोर्डावर, लता हजेरीवर! आता ह्यावर जळू नये तर काय करावं माणसानं?

पण खरा चटका पुढंच होता, आणि तो दिला साक्षीनं. साक्षी देवणीची, नववीतली, वसतिगृहात राहणारी. गळा असा की लताबाई बाकीचा वर्ग विसरून तिच्याच मागं लागायच्या. दोन वर्षं जीव तोडून शिकवलं, पण निषादावरचा थांबा काही पोरीला उमगला नव्हता. आणि बोर्ड लागून पंधरा दिवस झाले नाहीत, तोच भीमपलासी म्हणताना साक्षी निषादापाशी आली, थांबली आणि अलगद सूर उचलला. अगदी तस्साच. बाईंच्या अंगावर काटा आला.

"कुठं शिकलीस गं हे?"

"शिवकांता मॅम लई भारी समजावतात, बाई. व्हिडिओ मागं नेता येतो ना. रूमवर मी वीस-वीस येळा लावते."

"आणि मी दोन वर्षं काय वेगळं सांगत होते?"

"तुम्ही बी सांगितलं असंल," पोरगी अगदी सरळ मनानं म्हणाली.

असंल! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काय खोटंय? वर पोरीनं नांदेडच्या गायन स्पर्धेचा फॉर्म पुढं केला. मार्गदर्शकाच्या रकान्यात बोट ठेवून विचारते, "हितं मॅमचं नाव टाकू का?" बाईंनी फॉर्म ओढून घेतला आणि ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. ही पोरगी आपली, आपल्या हातची. ती काही त्या पैठणीवालीला द्यायची नाही, बस्स!

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हेवा कुणाला शांत बसू देतो? रविवारी दुपारी बाईंनी मोबाईल घेतला. पुण्यातल्या लेकीनं, अपूर्वानं, कधीकाळी काढून दिलेलं खातं त्यात होतं, अपूर्वाच्याच नावाचं. शिवकांताच्या भीमपलासीच्या व्हिडिओखाली त्यांनी लिहिलं: 'मॅडम, निषादावर दर वेळी अडखळता. सूर आठवावा लागतो का? पोरांना चुका शिकवू नका.' कुठं बोट ठेवलं की दुखेल, हे ताडपत्रीखालच्या माणसाशिवाय कुणाला ठाऊक असणार? संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस जणांनी त्याला पसंतीचे अंगठे दिले. रिकामटेकडे मेले! बाईंनी दर तासाला अंगठे मोजले आणि चहा दोनदा घेतला.

पुढच्या आठवड्यात बोर्डावर नवाच व्हिडिओ आला. शिवकांताचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते. "एका जाणकारानं माझी चूक दाखवली," ती म्हणाली. "जुनी सवय होती, मोडली. जुने व्हिडिओ काढून टाकलेत. तुम्हीही सुधारून घ्या." आणि ती गायली. सरळ, गुळगुळीत, कुठंही न थांबता. समोर पोरांनी तसंच म्हटलं. साक्षीनंही.

बाई खुर्चीतून उठल्याच. "साक्षी, थांब ना गं तिथं!"

"ती चूक हाय म्हणे, बाई. मॅमनीच सांगितलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गुरुजी जाऊन अकरा वर्षं झालेली. त्यांचं म्हणून जगात एवढंच उरलं होतं, एक क्षणभराचा थांबा. बाईंना स्वतःला तो पुढं देता आला नव्हता. शिवकांता सव्वा लाखांना देत होती, आणि बाईंनी तो पुसून टाकला. कशापायी? जळफळाटापायी!

स्पर्धेच्या दिवशी नांदेडच्या त्या हॉलमध्ये पाहुणी म्हणून शिवकांताच पहिल्या रांगेत बसलेली. साथीला पेटीवर लताबाई. निषाद आला, बाईंचं बोट उचललं गेलं, पेटी गप्प झाली आणि साक्षी मात्र न थांबता पुढं निघून गेली. लोकांना काही कळलं नाही. शिवकांतानं तेवढी मान वर केली.

साक्षीचा दुसरा नंबर आला. गर्दी पांगली तशी शिवकांता लगबगीनं आली, बाईंच्या पायाशी वाकली. "लताताई! तुम्ही अजून बोट उचलता?"

"जातंय उचललं."

"कुणीतरी लिहिलं की ती चूक आहे. दोन दिवस रडून राहिले होते मी. विचारावं तर गुरुजी नाहीत. तुम्हीच सांगा ताई, चूक होती का ती?"

आता एक 'हो' म्हटलं की भागत होतं. शिवकांता कायमची चुकीची ठरणार, आणि चुकणाऱ्या मॅमला सोडून साक्षी कायमची आपली होणार. हो अगदी जिभेवर आला होता. पण तो म्हणायचा म्हणजे गुरुजींनाच खोटं पाडायचं.

"नव्हती," बाई म्हणाल्या. मग पेटीचा भाता बंद करत, खाली बघूनच म्हणाल्या, "ते मीच लिहिलं होतं."

शिवकांता म्हणाली, "वाटलंच होतं. इतकं नेमकं दुसऱ्या कुणाला कळणार? राग त्याचा न्हाई, ताई. एवढं ऐकत होता माझं, तर एक फोन का न्हाई केला?"

मध्येच साक्षी प्रमाणपत्राची गुंडाळी घेऊन येऊन उभी राहिली. दोघींचं बोलणं कानावर पडून ती गोंधळली होती. "बाई, मग मी निषादाला थांबू का न्हाई थांबू?"

दोन वर्षं बाई ह्याच प्रश्नाची वाट बघत होत्या. सांगायचा हक्कही त्यांचाच होता, फॉर्मवर नाव होतं त्यांचं. पोटात अजून जळतच होतं, खोटं कशाला बोला.

"तुझ्या मॅमना विचार," लताबाई म्हणाल्या. "त्यांना जमतं शिकवायला."