लेसरला ब्लेड नसतं

सारजा गेल्याचं कळलं त्या दिवशी मी मशीनचं ब्लेड बदलत होतो. वॉचमन आला आणि म्हणाला, "कळसवरनं फोन आलाय. लगीच या म्हणाल्यात." मी स्क्रू आवळले, हात पुसले आणि एसटी पकडली. कळसला सासरवाडीच्या दारात माणसं जमली होती. मेहुणा दादासो उठून गळ्यात पडला. माहेरी आलेल्या माझ्या बायकोला, सारजाला, विहिरीवरची मोटर चालू करताना शॉक बसला होता. आमची छकुली चार वर्षांची. ती शेजारणीच्या कडेवर बसून भाकरीचा तुकडा खात होती.

छकुली कळसलाच राहिली. मी बारामतीच्या खोलीवर एकटा परतलो.

आमच्या कारखान्यात तेलाच्या आणि पाण्याच्या बाटल्यांची टोपणं होतात. टोपणाच्या खालच्या कडेला एक कडी असते. टोपण आणि कडीच्या मध्ये चीर पाडायची, पण पूर्ण नाही. मधे मधे बारीक टाके सोडायचे. गिऱ्हाइकानं टोपण पिळलं की टाके तुटतात आणि कडी बाटलीच्या गळ्यात राहते. म्हणजे बाटली आधी कुणी उघडली नव्हती हे कळतं. माझ्या मशीनवर ही चीर ब्लेड पाडायचं. ब्लेड झिजलं की कडेला कुसळं येतात. मग मशीन थांबवा, ब्लेड काढा, नवं बसवा, चार टोपणं पिळून बघा. त्या महिन्यांत मी ब्लेड झिजायची वाट बघायचो. हातात पाना असला की डोकं गप्प राहायचं. खोलीवर मला बसवत नसे. जेवायचो तेही उभ्यानं.

अठ्ठ्याण्णव साली लेसरचं मशीन आलं. सुपरवायझर रणजितसाहेबांनी मला बोलावलं.

"हे फक्त दिवसपाळीला चालणार. तू घे. पोरीला इकडं आणता येईल."

दादासोला सांगितलं तर तो खूष झाला. "घ्याच, दाजी. छकुली आमाला जड न्हाय. पण परवा तिनं मला बाबा म्हणून हाक मारली. म्होरल्या बारीला मारली तर मी ओ देणार न्हाय, ध्यानात ठिवा."

"घेतो," मी म्हणालो.

लेसरचा उजेड दिसत नाही. टोपण फिरतं, जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो, चीर पडलेली असते. पहिले काही दिवस टाके वितळून जाड व्हायचे, टोपण पिळायला जोर लागायचा. पुण्याच्या इंजिनियरनं बटणं फिरवून तेही जमवलं. मग मला काचेतून बघत उभं राहणं एवढंच काम उरलं. ब्लेड नाही, झीज नाही, थांबणं नाही. टोपणं येत राहिली, आणि सारजा मोटरीकडं चालत जाताना दिसत राहिली.

एका दुपारी मी मशीन बंद केलं, झाकण उघडलं आणि पाना घेऊन आत हात घातला. शेजारच्या मशीनवरचा बिरू ओरडला, "काय करतुयास, जोत्या?"

"ब्लेड बदलतोय."

"आरं, लेसरला कुठलं ब्लेड? उजेडाला कानस लावतुयास व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण हात बाहेर निघेना. तेव्हा बिरू हसायचा थांबला. जवळ येऊन त्यानं माझ्या हातातला पाना काढून घेतला. "चल, च्या पिऊ."

सुट्टी झाल्यावर मी रणजितसाहेबांकडं गेलो. "साहेब, मला ब्लेडवर परत घाला."

"तिथं तीन पाळ्या आहेत. पोरीचं काय?"

"बघतो."

"बघतो म्हणजे?"

"तिथं हाताला काम असतं, साहेब," एवढंच म्हणालो. त्यांनी पाळ्यांचा कागद ओढला आणि माझं नाव ब्लेडवर लिहिलं.

लेसरवर आता बिरू आहे. मी ब्लेडवर, या आठवड्यात दुसऱ्या पाळीला. दादासोचे निरोप येतात. छकुलीला आणायला मी अजून कळसला गेलेलो नाही.