जावयाचं कारंजं

मालकांच्या जावयाला अक्कल आहे की नाही, हा प्रश्न बाईंनी कधीच निकालात काढला होता. नव्हती. असलीच तर ती त्यानं लग्नात सासऱ्याला आहेर म्हणून दिली असावी, आणि सासरा ती कुठंतरी ठेवून विसरला असावा.

बाई कारखान्याच्या केमिस्ट. जाड निळ्या पँटींचं कापड रंगवणारा तो कारखाना. रंगखात्यातून उरलेलं पाणी बाहेर पडायचं ते शाईसारखं, आणि त्याला माणसात आणायचं काम बाईंचं. हौदात साठवलेल्या पाण्यात हिराकस टाकायचा, चुना टाकायचा, ढवळायचं. रंगाचे गोळे होऊन तळाशी बसायचे. वरचं स्वच्छ पाणी ओढ्यात जायचं, खालचा गाळ यंत्रात दाबून त्याच्या वड्या व्हायच्या. दिसायला घाणेरडं काम, पण ओढ्याच्या खालच्या अंगाला बाईंच्या धाकट्या भावाचा भाजीचा मळा होता आणि तो ह्याच पाण्यावर पिकत होता. बाईंच्या हाताखालून एकही हौद कधी कच्चा सुटला नव्हता.

जावयाच्या डोळ्यांत खुपला तो नेमका गाळ.

"मावशी, काय हा चिखल! पाहुणे येणार, फोटो काढणार, आणि आपण त्यांना काय दाखवणार? ह्या वड्या?"

मावशी म्हणे! ह्याच्या आईची आणि बाईंची साधी तोंडओळखसुद्धा नव्हती.

मग एक दिवस हा शहाणा मालकांच्या खोलीत गच्च बूच लावलेली बाटली नाचवत आला. आत फिकट पिवळसर, जवळजवळ साधं पाणी. रंगखात्यातला हायड्रो, म्हणजे निळा रंग उतरवणारी पूड, त्यानं निळ्या पाण्यात ओतला होता आणि रंग छू झाला होता. "बघा पप्पा! ना चुना, ना गाळ. हौद पाडून टाकू, तिथं हिरवळ करू."

बाईंना हसू आवरेना. अरे बाबा, रंग गेला कुठं? तो तिथंच आहे, नुसता दडून बसलाय. रंगखात्यात दिवसभर दुसरं काय चालतं? हायड्रोनं निळा रंग विरघळवतात, कापड पिवळट-हिरवं बाहेर निघतं, आणि हवा लागली की सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळं होतं. जावई रोज त्याच खात्यातून जायचा, पण नाकाला रुमाल लावून आणि डोळे मोबाइलमध्ये घालून. कापडाचं जे होतं तेच पाण्याचंही होणार, हे त्याच्या डोक्यात शिरायला आधी डोकं नको का?

"साहेब," बाई म्हणाल्या, "ह्या पाण्याला हवा लागली की..."

"मावशी, तुमचा चुना आता भिंतींना लावा!" जावई म्हणाला. खोलीतले सगळे खो-खो हसले. मालकही हसले.

बाईंचे कान तापले. बरं, म्हणाल्या त्या मनात, लावते हो भिंतींना. आता ह्या तोंडातून अवाक्षर निघालं तर नाव बदलेन.

आणि जावयानं पुढची घोषणा केली तेव्हा तर त्याची दृष्ट काढावी असं बाईंना वाटलं. पाहुण्यांसाठी बागेत कारंजं! ह्याच पाण्याचं, पांढऱ्याशुभ्र दगडी कुंडात! म्हणजे थेंबाथेंबाला हवा. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला माणसं किती खर्च करतात, काय सांगावं.

मालकांना एकटं गाठून सांगता आलं असतं. मालक तसे ऐकणारे होते. पण बाईंना आता ऐकवायचं नव्हतं, बघायचं होतं.

"ताई, हौद पाडणार म्हणतात," भावाचा फोन आला. त्याचा आवाज पडला होता. "मग माझ्या मळ्याला पाणी कसलं यायचं गं?"

"तू निवांत झोप. पाहुण्यांसमोर ते पाणी आणि त्याचं थोबाड, दोन्ही निळं होऊ दे एकदा. मग हौदाला हात लावायची कोणाची छाती होते बघू."

पाहुणे आले. कापड विकत घेणारी बडी मंडळी, पण पाण्यातलं त्यांना डोंबल कळत नव्हतं, कळायचं ते फोटोतलं. हौद पाडायचं यंत्र फाटकाशी येऊन उभंच होतं, पाहुण्यांनी मान डोलवायचा अवकाश. जावयानं बागेत अत्तर फवारलं होतं, तरी हायड्रोचा उग्र वास नाकाला झोंबतच होता. त्यानं कळ दाबली.

पाणी उसळलं, फिकट आणि नितळ. खाली पडता पडता त्यात हिरवी झाक आली. मग कुंड निळसर झालं, मग निळं, मग निळंशार. जावयाचा चेहरा उतरला आणि बाईंच्या जिवाला असा काही गारवा वाटला की विचारू नका.

तेवढ्यात एका पाहुणीनं गळ्यातला पांढरा रुमाल पाण्यात बुडवला. ओला रुमाल उन्हात धरला, आणि तोही तिच्या हातातच हळूहळू निळा होत गेला.

"अय्या! जादूच की!" ती ओरडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धडाधड फोटो निघाले.

जावयाला कंठ फुटला. "हेच तर आमचं वैशिष्ट्य! आम्ही रंग फेकत नाही, परत आणतो!"

"साफ खोटं!" बाई पुढं झाल्या. "हे पाणी असंच ओढ्यात जाणार आहे. रंगासकट, हायड्रोसकट!"

पाहुणे गोड हसले आणि पुन्हा फोटोला उभे राहिले. मालकांनी बाईंना दंडाला धरून बाजूला नेलं.

"हे असं होणार, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"बाटली आणली तेव्हापासून."

"मग माझ्याकडे का नाही आलात?"

खरं उत्तर एकच होतं, आणि ते सांगायची त्यांना लाज वाटली.

"त्याला काही कळत नाही, हे मी जाणून आहे," मालक हळू आवाजात म्हणाले. "तुम्हाला कळतं म्हणून तुम्हाला ठेवलं होतं. आणि तुम्ही तमाशा बघत बसलात? आता पाहुण्यांनी पसंत केलंय, मी काय त्यांना माझा जावई मूर्ख आहे म्हणून सांगू? हौद आजच जातील. तुम्हीही उद्यापासून येऊ नका."

बाई फाटकातून बाहेर पडल्या तेव्हा कुंडातलं निळं पाणी ओढ्यात सोडून झालं होतं, आणि मागं हौदाची पहिली भिंत कोसळल्याचा आवाज आला. ओढ्यावरच्या पुलाशी पोचतात तोच फोन वाजला.

"ताई!" भावाच्या आवाजात उत्साह मावत नव्हता. "पाणी निळं आलंय बघ! म्हणजे झाली ना त्याची फजिती? तू म्हणालीस तस्संच झालं! मी पाट अडवला नाही, म्हटलं एखाद्या दिवसाचाच प्रश्न आहे. उद्यापासून येईल ना नीट पाणी?"

पुलाखालून पाणी वाहत होतं, खडकांवर आपटून जास्तच निळं होत होतं. बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"पाट बंद कर," त्या म्हणाल्या. "आत्ता, पळत जा."