एकशे एकाची शाल

'आधार सेवा मंडळा'चे खजिनदार दिगंबरपंत यांच्यासमोर शालीचं नाव काढलं की त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यागत व्हायचं. कारणही तसंच होतं. चौऱ्याहत्तर साली मंदाकिनीबाईंनी कोथरूडमधली घरोघरची रद्दी विकून मंडळ उभं केलं. आजाऱ्यांना खाटा, कमोडच्या खुर्च्या फुकट वापरायला द्यायच्या, एवढंच काम. वीस वर्षं शिल्लक बेताची, पण खाटा भरपूर.

मग आप्पासाहेब अध्यक्ष झाले आणि मंडळाला सत्काराचा रोग जडला. एकशे एक रुपये देणाऱ्याला शाल. शाल दीडशेची!

बातमी फुटली आणि दानशूरपणाची साथच आली. हडपसरहून लोक दोन बस बदलून दान करायला येऊ लागले. एकाने कुत्र्याच्या नावाने पावती फाडली. कुत्राही शाल पांघरून व्यासपीठावर बसला, आणि भाषण न करणारा तो एकटाच. देणग्या वाढत गेल्या तसतसं मंडळ खंक होत गेलं. शेवटी खाटा विकून शाली आणल्या.

अशात मंदाकिनीबाईच अंथरुणाला खिळल्या. पाठीला जखमा झाल्या. पंतांनी सभेत त्यांच्यासाठी हवेची गादी मागितली.

"पैसे कुठायत?" आप्पासाहेब म्हणाले.

"शाली बंद करा, महिन्यात निघतील."

"अहो, देणगीदार तुटतील!"

"तुटू द्या की! जितके तुटतील तितके आपण श्रीमंत."

"बाईंना आम्ही विसरू का, पंत? घरी जाऊन सत्कार करू."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी फोटोसाठी बाईंना उठवून बसवलं, जखमांवर जरीची शाल टाकली. बाई कळवळल्या.

"आप्पा, काढ रे ही. टोचतेय."

"एकच मिनिट, बाई. फोटो होऊ दे."

पंतांनी शाल ओढून आप्पासाहेबांच्या गळ्यात घातली. "झाला सत्कार. आता निघा!"

तिथून ते तडक मंडळाच्या खोलीवर गेले. उरलेल्या साऱ्या शाली दुकानदाराला अर्ध्या भावात विकल्या. ना ठराव, ना सही. संध्याकाळी गादी आली. कार्यकारिणीने लगेच पंतांना नारळ दिला.

गादीत हवा भरली तशा बाई सैलावल्या.

"दिगंबर, खर्च कुणाचा रे?"

"मंडळाचाच, बाई. बऱ्याच वर्षांनी केला."