शेंदराखालचा देव

साफ करून आणलेला दगड बघताच गंगी म्हणाली, "हा आमचा वाघोबा नाय."

वाडीच्या वाघोबाला सरकारी साहेबांनी पावसाळ्याआधी टेम्पोत घालून नेलं होतं. दोन हजार चार सालची गोष्ट. किन्हवलीच्या पुढच्या या डोंगरात वारसा पर्यटन आणायचं म्हणून निधी मंजूर झाला होता. रस्ता डांबरी झाला, देवाच्या जागी चौथरा बांधला, दिवे लागले. देव तेवढा यायचा राहिला होता, तो दिवाळीच्या तोंडावर आला.

"मावशी, हाच तो," साहेब म्हणाले. "शेंदराचे थर काढले, तर आत हा लढणारा वीर निघाला. पायाशी गाई बघा. फार जुना वीरगळ आहे." साहेब माणूस सरळ वाटत होता, म्हणूनच गंगीला त्याचा जास्त संशय आला.

पंचाईत अशी, की शेंदराशिवायचा देव वाडीत कोणीच पाहिला नव्हता. गंगीनं नाही, तिच्या सासूनंही नाही. दर वाघबारशीला जुन्यावर नवा शेंदूर चढायचा, आत काय आहे हे कोण कशाला बघतंय? आता हा तो नव्हे म्हणायचं तर कशावरून, आणि हाच तो म्हणायचं तर कशावरून?

खरा देव कोणा शेठला विकला असेल, असं बाकीची वाडी कुजबुजली आणि गप्प झाली. गंगीला गप्प बसून चालणार नव्हतं. तिच्या सुनेची, मीनाची, दोन पोरं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला गंगीनं वाघोबाला कोंबडा बोलला, आणि देव नेल्यानंतर नातू सुखरूप जन्मला. आता नवस भलत्यालाच फेडला, तर ज्यानं पोर दिलं तो वाट बघत राहणार. वाट बघून कंटाळला तर काय करील, हे तिला मनात आणायचीही भीती वाटे.

"आये, शेंदूर लावून बघ, म्हंजे कळंल," तिचा मुलगा जगन म्हणाला.

शेंदूर लावायला मनाई होती. साहेबांची पाठ वळल्यावर तिनं लावला. दगड लालभडक झाला, हुबेहूब वाघोबा. पण शेंदूर फासला की कुठलाही दगड असाच दिसणार, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

"तूच का रे?" तिनं विचारलं.

मग तिनं कोंबडा दिला, पाया पडली, आणि घरी जाऊन दुसरा कोंबडा राखून ठेवला.

रविवारी मुंबईच्या गाड्या येऊ लागल्या. मीना पाहुण्यांना भाकऱ्या करून घालायची, घरात चार पैसे यायचे, ते गंगीला नको होते असं नाही. एकदा जेवून उठलेल्या बाईंचं अंगणातल्या कोंबड्याकडे लक्ष गेलं.

"गावठी आहे ना? द्या आम्हाला. म्हणाल तो भाव."

"तो दिलेला हाय."

"कोणाला?"

गंगीनं त्यांच्याकडे आणि त्यांच्या लांबलचक गाडीकडे नीट बघून घेतलं.

"आमच्या देवाला. तुमच्याकडं कोणाच्या बंगल्यात उभा केलाय, तेवढा पत्ता सांगा, बाय. मी सोता घेऊन येते. आमचं पोर अजून लहान हाय."