मी हंस नव्हतोच

मी कोपऱ्यावरचं कुंपण बोलतोय. जुन्या वस्तीत दोन रस्ते मिळतात, त्या वळणावरच्या बागेचं. हल्ली लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात, म्हणून आधीच सांगतो: माझ्यात बघण्यासारखं काही नाही. होतं ते टेकण्यासारखं.

मला लावलं घरातल्या म्हाताऱ्याने, तो म्हातारा नव्हता तेव्हा. कमरेइतकं वाढू दिलं आणि माथा सपाट कापून वर फळी ठेवली. रोज सकाळी दुकान उघडायला निघालेला घड्याळवाला फुटपाथवर थांबायचा, हा आतून दोन कप आणायचा, आणि माझ्या डोक्यावर चहा व्हायचा.

"आज उशीर?"

"घड्याळ बंद पडलं होतं."

"घड्याळवाल्याचं?"

"का, वैद्याला खोकला होत नाही?"

हाच विनोद वर्षानुवर्षं. तरी दोघे हसायचे.

मग वस्तीला इतिहास असल्याचा शोध लागला. समिती निघाली, उत्कृष्ट बागांना बक्षिसं ठरली. समोरच्या वकिलाने कारंजं बसवलं. ते पाहुणे दिसले की उडायचं आणि गेले की थांबायचं, वकिलासारखंच. आमच्या चिरंजीवांनी मला हंस करायला घेतलं. चार वर्षं वाढवलं, तारा बांधल्या, कातरलं. झालं बदक.

बदकाची पाठ माणसाच्या डोक्यावर गेली. म्हातारा आत, घड्याळवाला बाहेर. घड्याळवाल्याचे कान कधीच गेले होते. समोरच्याचे ओठ बघून त्याला बोलणं कळायचं. काही दिवस त्याने बदकाच्या पोटाला "काय म्हणालास?" विचारून पाहिलं. मग तो थांबेनासा झाला.

"अरे, एवढा तुकडा खाली घे," म्हातारा मुलाला म्हणाला. "त्याला माझं तोंड दिसत नाही."

"बाबा, समिती येऊन जाऊ दे. मग बघू."

'मग बघू' हे या घरातलं एकमेव सदाहरित झाड.

समिती यायच्या दिवशी चिरंजीव दाढी करत होते. म्हाताऱ्याने मोठी कात्री काढली आणि मान, पाठ, सगळं मधोमध कमरेपर्यंत उतरवलं. मला दुखलं नाही. हलकं वाटलं.

चिरंजीव तोंडाला फेस लावूनच धावले. "बाबा! हे काय केलंत?"

"हजामत," म्हातारा म्हणाला. "तुझं चालू दे."

तेवढ्यात समिती दारात. अध्यक्षीणबाईंनी खाचेकडे पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. "रिकाम्या जागेचा इतका धीट वापर! कल्पना कोणाची?"

चिरंजीवांनी फेस पुसला. "माझीच."

पहिला क्रमांक.

आता खाचेत पाटी आहे: 'येथे काहीही टेकवू नये.' चिरंजीव दर रविवारी फूटपट्टी लावून मला कापतात आणि येणाऱ्यांना रिकाम्या जागेबद्दल भरभरून सांगतात.

घड्याळवाला मात्र पुन्हा थांबू लागलाय. तोंड दिसतं ना! दोघे कपबशी हातात धरून उभे राहतात. म्हाताऱ्याचा हात कापतो, अर्धा चहा बशीत. मध्ये मी, सपाट, रिकामा, बक्षीसपात्र.

तेव्हा बघायला आलात तर कौतुक करू नका. चिरंजीव आत गेले की क्षणभर नजर दुसरीकडे वळवा; म्हातारा कप टेकवेल. जमेल तुम्हाला. शेजाऱ्याकडे न बघणं तुम्हाला कुठे शिकवावं लागतं?