भाऊसोंच्या मोटारीची जाळी

आमचे हे सहा वर्षं लढाईवर होते. लग्न झाल्यापासून मी नवरा बघितला तो तीन रजांत, तेवढाच. शेहेचाळीस साली पलटणीतून सुटून घरी आले, तर महिन्याभरात मुंबईच्या कुठल्याशा कारखान्यातून बोलावणं. म्हणजे पुन्हा मी आणि पत्रं! माझं तर डोकंच फिरलं.

गावात मोटार एकच, भाऊसो पाटलांची. ती त्यांच्या अंगणात पंधरा दिवस आजारी होती. सुरू व्हायची, वेशीपर्यंत जायची आणि आचके देऊन बंद पडायची. हे पलटणीत मोटारी हाकायचे, म्हणून भाऊसो ह्यांना म्हणाले, "कृष्णात, शनवारपतुर गाडी चालती कर, डायवर म्हणून तुलाच ठिवतो. न्हाईतर साताऱ्याचा मिस्त्री आणतो, आन डायवर बी त्येचाच."

मी देवाला हात जोडले. हे जमलं तर नवरा घरी, नाहीतर मुंबईला.

इंजिनापाशी एक काचेची वाटी असते. तिच्यात बारीक पितळी जाळी, पेट्रोल तिच्यातून गाळून पुढं जातं. ती जाळी फाटली होती. "इजिप्तात अशा शंभर बदलल्यात," असं म्हणत ह्यांनी नवी कापून बसवली. गाडी वेशीपर्यंत गेली आणि मेली. बैल जुंपून ओढत आणली. पारावरचा नाथाजी ओरडला, "काय रं गड्या, पलटणीत बटाटं सोलत हुतास व्हय?" जाळी गच्च चोंदली होती. शुक्रवारी दुसरी घातली, तरी तीच गत. त्या नाथाजीचं तोंड शिवावंसं वाटलं मला.

शनिवारी दुपारी भाकरी घेऊन गेले, तर हे वाटी हातात धरून बसलेले, भाऊसो शेजारी उभे. तळाशी तांबूस गाळ.

"वाळू हाय गं. पेट्रोलनं धुतोय, पर सुटंना."

मी गुऱ्हाळात वाढलेली. वाळू अशी चिकटून बसत नाही. गाळ बोटावर चोळला आणि सरळ जिभेला लावला. तोंड पोळलं, पण मागनं गोडी आली.

"आवं, ही काकवी हाय!"

"इंजनात काकवी? येड लागलं का तुला?"

मी पदर सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा भाऊसोंशी थेट बोलले. "पेट्रोल कशात साठवलं हुतं तुमी?"

भाऊसोंचा चेहरा बघण्यासारखा झाला. रेशनचं पेट्रोल जपायचं म्हणून त्यांनी गुऱ्हाळातले काकवीचे डबे घेतले होते. "पुसून घेतलं हुतं की," ते पुटपुटले. सुकलेली काकवी पुसून निघते होय?

"टाकीत बी साठली असंल," मी म्हणाले. "ती पेट्रोलला दाद देत न्हाई. तिला ऊन पाणी पायजे."

 हे उठले आणि टाकी उतरवली. भाऊसोंच्याच चुलीवर हंडा तापवला. टाकी आणि नळ्या तीनदा खळबळून धुतल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या. ह्यांनी तिसरी जाळी बसवली. उरलेलं पेट्रोल भाऊसोंच्या धोतराच्या चार पदरांतून गाळून ओतलं. भाऊसो धोतराचं टोक धरून उभे होते.

भाऊसो गाडीत बसले, ह्यांनी हँडल मारलं. गाडी गुरगुरली, निघाली आणि वेस ओलांडून गेली. मी लाजलज्जा सोडून पारापर्यंत पळाले. ओढा झाला, माळ चढला, धुरळाही दिसेना. 

तासाभरानं हॉर्न वाजवत परत आली. अख्खं गाव गोळा झालं. भाऊसो उतरले आणि म्हणाले, "डायवर ठरला!"

"रोग म्या न्हाई, हिनं वळाखला," हे सगळ्यांदेखत म्हणाले. नाथाजी हळूच घराकडं निघाला. मी मोठ्यानं हसले, सासऱ्यांच्या समोर.

त्या दिवशी सांजच्याला हे जेवायला घरी आले. दुसऱ्या दिवशीही आले.